बदकांच्या पोटातले राखणदार

ओढ्यावरची बदकं दादाने आपल्या हाताने टोपल्यांत भरली. त्याने हाक मारली आणि ती आली. रांगेने आली, ढुंगण हलवत, आपसांत कुरबुरत, रोजच्यासारखी आली, आणि तेच जड गेलं. पळाली असती, चोच मारली असती, तर पकडणाऱ्याच्या मनाला जरा आधार झाला असता.

"पाय बांधू नकोस," तो धाकटीला म्हणाला. "आपल्या घरची आहेत, आपल्यासारखीच भोळसट. टोपलीत घातलं की टोपलीलाच घर समजतील."

धाकटी म्हणजे त्याची पाठची बहीण. दादाची धाकटी म्हणून ती सगळ्या गल्लीची धाकटी झाली. केसांत पांढरं आलं तरी हाक तीच राहिली. जनावरांचे रोग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. जनावराचं यकृत, किडनी तिच्या टेबलावर यायची आणि त्या मऊ, ओल्या मांसात कोण येऊन बसलंय ते ती शोधून काढायची. आजवर दुसऱ्यांची जनावरं आली होती. आता घरची चालली होती.

दारात वहिनी उभी होती आणि तिच्या पाठीआडून चिमणी डोकावत होती. चिमणी ही दादाची लेक, नुकती जोडाक्षरं वाचायला लागलेली.

"आत्या, परत कधी आणशील?"

धाकटी टोपलीच्या दोरीची गाठ आवळत राहिली. ती केव्हाच आवळून झाली होती.

"ती मोठ्या कामाला चाललीत," दादाच बोलला. "आपल्याला नळ आणायला."

"चोचीत धरून?"

"चोचीत धरून."

वहिनीने कपाळाला हात लावला. "पोरीला काहीही सांगा तुम्ही! वन्सं, मला एक कळू द्या. पिसं चकचकीत आहेत, खातात, पितात, अंडी देतात. मग असं काय आहे त्यांच्या पोटात, जे वरून दिसत नाही?"

"वरून दिसलं असतं तर पोट उघडायला कशाला नेलं असतं, वहिनी?"

ओढ्याच्या वरच्या अंगाला मुलाम्याचा कारखाना होता. गंज लागू नये म्हणून तिथे लोखंडी बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढायचा. मुलामा चढलेला बोल्ट पिवळाधमक, सोन्याचा भाऊ वाटावा असा निघायचा, आणि तो धुतलेलं पाणी ओढ्यात उतरायचं. ओढ्यातून ते मातीत मुरायचं, मातीतून काठावरच्या विहिरीत, विहिरीतून गल्लीच्या बादल्यांत, बादल्यांतून माणसांच्या पोटात. पाणीच ते. उतार मिळेल तिकडे जाणार, कुणाचं घर लागलं हे बघत थांबणार नाही.

उमेदीची सगळी वर्षं दादाने त्या कारखान्यात बोल्ट धुतले होते. मग हाडं ठणकायला लागली, मग अंगातलं चांगलं चांगलं लघवीवाटे वाहून जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या गळक्या झाल्यात. कारखान्याने त्याला घरी बसवलं आणि तेव्हापासून तो बदकं पाळायला लागला. "आधी बोल्ट मला बुडवावे लागायचे," तो सांगायचा, "ही आपली आपण बुडतात आणि आपली आपण वर येतात. काम केवढं हलकं झालं!"

गल्लीला दुसरं पाणी नव्हतं. रस्त्यापलीकडच्या वस्तीत नळ होता, पण गल्लीची रांग तिकडे लागायला लागली तसं त्या वस्तीने नळाला कुलूप घातलं. त्यांनाही काय बोलणार, तो नळ त्यांनाच पुरत नव्हता. शेवटी गल्ली पाणी समितीकडे गेली. समितीचे अध्यक्ष वयस्कर, सभ्य आणि फार दमलेले गृहस्थ होते. त्यांनी विहिरीचं पाणी तपासून घेतलं.

"धातू आहे, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण मर्यादेच्या आत आहे. माझ्याकडे ह्या खेपेला एका वस्तीपुरते पाइप आहेत आणि मागणाऱ्या वस्त्या दोन, तुमची आणि माळावरची. एवढ्याशा धातूने अंगाला काही होतं, तेवढं मला दाखवा. पाइप तुमच्या गल्लीत टाकतो."

माणसाची किडनी कापून समितीपुढे ठेवता येत नाही. बदकाची येते.

"ह्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं," वहिनी तेव्हा म्हणाली होती. "पोरीच्या तोंडी दुसरं पाणी पडू दे. बाकी मी काही मागत नाही."

टोपल्या हातगाडीवर चढल्या. दादा गाडीला टेकून दम घेत म्हणाला, "पण तू मोजणार काय? धातू तर त्यांनी मोजलाय."

"मी राखणदार मोजणार."

"हे कोण आणि नवीन?"

धाकटी पायरीवर बसली. "हे बघ. प्रत्येकाच्या अंगात एक बारीकसं प्रथिन असतं. बदकाच्या, मेंढीच्या, तुझ्या, माझ्या. यकृतात असतं, किडनीत असतं. एरवी थोडंच. पण कॅडमियमसारखा धातू आत शिरला की शरीर ते भराभर बनवायला घेतं. ते जाऊन त्या धातूला मिठी मारतं. मोकळा फिरू देत नाही. त्याचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, म्हणून मी त्याला राखणदार म्हणते."

"आमच्या गेटवरच्या वॉचमनसारखा."

"हा झोपत नाही."

दादा हसला, आणि हसताना बरगडी दुखली म्हणून मध्येच थांबला.

"जितके चोर जास्त, तितके राखणदार जास्त," धाकटी सांगत होती. "तुझ्या बदकांतले मोजायचे. आणि ज्यांनी हा ओढा जन्मात बघितला नाही, अशा स्वच्छ बदकांतले मोजायचे. तुझ्या बदकांत जास्त निघाले की समितीला सांगता येतं, बघा, अंग स्वस्थ बसलेलं नाही. लागलंय, म्हणूनच त्याने एवढी राखण बसवलीय."

"राखणदार आहेत ना, मग बिघडतं कुठे?" वहिनीने विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर धाकटीला पाठ होतं, तरी दादासमोर ते देताना जीभ अडखळली. "राखणदार चोराला धरतो खरा, पण बाहेर टाकायला त्याला दार सापडत नाही. चोराला तसाच मिठीत घेऊन तो यकृतातून निघतो आणि रक्ताबरोबर किडनीत येतो. तिथे राखणदार विरून जातो. चोर मोकळा. मग किडनी आपले नवे राखणदार उभे करते. पुन्हा धरायचं, पुन्हा विरायचं. वर्षानुवर्षं हेच. एक दिवस असा येतो की चोर जास्त होतात आणि मिठ्या कमी पडतात."

दादाचा हात नकळत कमरेवर गेला होता. "म्हणजे राखणदारच त्याला धरून आत आणतो."

"हो."

"बिचाऱ्याला ठाऊकही नसतं."

"त्याला कसं ठाऊक असणार, दादा?"

गाडी हलली. टोपल्यांतून माना बाहेर आल्या आणि बदकं गल्ली बघत निघाली, मिरवणुकीला निघाल्यासारखी.

स्वच्छ बदकं प्रयोगशाळेमागच्या जनावरघरात वाढत होती. अंड्यातून बाहेर आली ती तिथेच. त्यांचा दाणा तपासलेला, पाणी तपासलेलं, पायाखालची वाळूसुद्धा तपासलेली. त्यांची निगा मामा राखायचे. मामा नेमके कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं. झाडणाऱ्या बाईपासून प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते. ससे आले, मेंढ्या आल्या, उंदीर आले, जे आलं ते मामांनी आपलं म्हटलं. तिथून जनावर शेवटी कुठे जातं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "सुरुवात देवाची, शेवट तुमचा," ते धाकटीला म्हणायचे. "मधले दिवस तरी माझे ना? ते मी गोड करणार. त्यात कुणी बोलायचं नाही."

बदकांना पाणी घालताना ते स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायचे,

"ऊन झालं भारी, पंखाखाली या गं,
थेंब थेंब पाणी, चोचीत न्या गं."

बदकं चोची वर करून ऐकायची. निदान मामांचं तसं म्हणणं होतं.

तपासणीचं काम सुरू झालं. यकृताचा तुकडा, किडनीचा तुकडा बर्फावर ठेवून वाटायचा, यंत्रात गरगर फिरवून वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं, त्यातून राखणदार वेगळे करायचे आणि मोजायचे. धाकटीने आधी दादाची बदकं घेतली. आकडे भराभर चढले. किडनीत तर एवढे राखणदार निघाले की ती खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. आनंद वाटला, आणि आनंद वाटल्याची लाज वाटली. त्या चढत्या आकड्यांत दादाची कंबर होती. पण त्यांतच चिमणीचा नळही होता.

मग तिने स्वच्छ बदकं घेतली.

आकडे तसेच चढले.

तिला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. तिने उरलेले तुकडे काढून पुन्हा वाटले, पुन्हा फिरवले. तेच आलं. दोन बदकांचे आकडे तर दादाच्या बदकांच्याही वर गेले. ज्यांनी चोर कधी पाहिला नाही, त्यांच्या घरात ही एवढी राखण कुणी बसवली?

तिने त्यांच्यातलं कॅडमियम मोजलं. नव्हतंच. मग एक शंका आली म्हणून जस्त मोजलं, आणि जस्त भरभरून आलं. जस्त काही परकं नाही, थोडं तर अंगाला लागतंच. पण राखणदारांना एवढं तारतम्य नसतं. जस्त अती झालं की ते त्यालाही मिठी मारायला धावतात, तेवढ्याच संख्येने, तेवढ्याच मायेने.

ती जिना उतरून जनावरघरात गेली. उरलीसुरली बदकं उन्हात बसली होती. मध्ये जस्ताच्या पत्र्याचा मोठा टब होता, चांदीसारखा लखलखणारा. त्याच्या शेजारी लिंबाच्या पिळलेल्या साली पडल्या होत्या.

"मामा, हा टब कधीचा?"

"हा? उन्हाळा लागला तेव्हाचा." मामा खुशीत पुढे आले. "प्लॅस्टिकचा चिरला ना. नवा मागितला तर वरचे लोक म्हणे थांबा. तहान थांबते होय? घरी हा कोरा पडला होता, तो घेऊन आलो. आत बघा, तोंड दिसतं."

तिने वाकून पाहिलं. दिसत होतं.

"आणि ही लिंबं?"

"ऊन बाधू नये म्हणून रोज सकाळी पाण्यात पिळतो. आमची आई आम्हाला द्यायची. आणि मग त्याच सालींनी टब घासतो. उगाच नाही आरसा झालाय!"

त्या साली तिने आधीही पाहिल्या होत्या. मामा सरबत करून पीत असतील असं वाटलं होतं. टबही पाहिला होता. बदकं त्यात अंग झोकून देत होती, पंखांनी पाणी उडवत होती, मामा गात होते, आणि तिला वाटलं होतं, किती सुखात आहेत. आंबट पाण्यात पत्र्याचं जस्त उतरतं, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं. सुख दिसत असताना त्याच्याखालचा पत्रा कोण बघतो?

"पास झाली का माझी बदकं?" मामांनी विचारलं.

"झाली, मामा."

"दादाच्या बदकांपेक्षा मागे नाही ना पडली?"

"नाही. बरोबरीला आली."

"बघा!" मामांनी जवळच्या बदकाच्या पाठीवर थाप मारली. "लिंबाचा गुण!"

धाकटीने एक साल उचलली, पुन्हा खाली ठेवली. काय सांगायचं? आणि सांगून कुणाचं भलं व्हायचं होतं? ती तशीच वर गेली, मोठ्या बाईंच्या खोलीत.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"दुसऱ्या प्रयोगशाळांनी स्वच्छ बदकं मोजलेली आहेत," धाकटी हळूच म्हणाली. "त्यांचे आकडे घेतले तर? ते बरोबर आहेत, बाई. खोटं काहीच नाही त्यात."

"आणि आपले कुठे ठेवायचे? तुझ्या पर्समध्ये?"

धाकटी हातातले आकड्यांचे कागद सरळ करायला लागली.

"मला कळतं गं," बाई म्हणाल्या. "पण उद्या कुणी विचारलं, तुमची बदकं कुठायत, तर मामा स्वतःच हात वर करून सांगतील. त्यांना अभिमान आहे."

"नवीन वाढवू?"

"स्वच्छ वाढवशील. ओढ्यावरची कुठून आणशील? तुझ्या भावाने होती नव्हती ती सगळी दिली. नवी पिल्लं ओढ्यात सोडलीस तरी कॅडमियम काय लगेच भरतं? ते मुंगीच्या पावलाने येतं. तोवर अध्यक्ष पाइप उशाशी घेऊन झोपणार आहेत का?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आहे ते सगळं सांग. जस्ताचंही सांग. समजावून सांगितलं तर ऐकतात लोक. कधी कधी."

ते 'कधी कधी' त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं.

समितीची बैठक एका लांबट खोलीत भरली. मधोमध टेबल, भिंतीला खुर्च्या, वर किरकिरणारा पंखा. दादा मागच्या खुर्चीवर पाठीला उशी घेऊन बसला होता. टेबलाच्या एका टोकाला कारखान्याचे साहेब होते, गोल चेहऱ्याचे, हसरे, भेटेल त्याची चौकशी करणारे. त्यांनी दादाचीही केली. "काय, तब्येत काय म्हणते? येत जा अधूनमधून, आपलंच आहे." आणि त्यांच्या मनात ते खरंही असावं.

बैठक सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात धाकटीला मामा दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"मामा, तुम्ही कशाला आलात?"

"वा! माझ्या बदकांचा निकाल, आणि मी नको? ताई, कॉलर नीट आहे का बघा."

आता सांगावं, इथेच सांगावं, असं तिच्या मनात आलं. तिने त्यांची कॉलर नीट केली. तेवढ्यात आतून हाक आली.

तिने सगळं मांडलं. राखणदार म्हणजे काय, ते का वाढतात, दादाच्या बदकांत किती वाढले. अध्यक्ष लक्ष देऊन ऐकत होते. मग तिने स्वच्छ बदकांचे आकडे सांगितले. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे सारखेच?"

"सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. मिठी तीच आहे, मिठीत कोण आहे ते बघा. ओढ्यावरच्या बदकांत राखणदारांनी कॅडमियम धरलंय. आमच्या बदकांत जस्त. पाण्याचा टब जस्ती पत्र्याचा होता, आणि पाणी आंबट होतं, त्यामुळे जस्त उतरलं." आंबट कसं झालं ते तिने सांगितलं नाही. "जस्त अंगातून निघून जातं. कॅडमियम जात नाही."

"बाई, मी साधा माणूस आहे," कारखान्याचे साहेब म्हणाले. "तुम्हीच त्याला राखणदार म्हणता. राखणदार जास्त असले तर घर जास्त सुरक्षित, एवढंच आम्हाला कळतं. आमच्या ओढ्याने बदकांना फुकटात राखणदार दिले, तर आभार माना की!"

दोघंतिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा. तुमच्या स्वच्छ बदकांतही राखणदार इतके वाढले. त्यांना त्याचा काही त्रास झाला? कुठलं आजारी पडलं?"

धाकटी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"एकसुद्धा नाही साहेब!" मामा उभे राहिले होते. "एकदम ठणठणीत. माझ्या हाताखाली होती. पिसं बघितली असती तर नजर लागली असती!"

"झालं तर मग," साहेब टेबलावर हात ठेवत म्हणाले. "राखणदार वाढले तरी बदकं ठणठणीत. हे मी नाही म्हणत, त्यांचेच मामा म्हणतायत."

आता मात्र सगळी खोली हसली. सगळे हसतायत म्हणून मामाही हसले, आपलं बोलणं पसंत पडलं असं समजून.

"वरून ठणठणीत दिसणं निराळं," धाकटीचा आवाज चिरकला. "ह्याला वर्षं लागतात. माझा भाऊही किती वर्षं ठणठणीतच होता."

"तुमचा भाऊ?" साहेबांनी मान वळवून दादाकडे पाहिलं. "अच्छा, ह्या तुमच्या बहीण होय? म्हणजे बदकं भावाची, आणि तपासणी बहिणीची."

दादाने मान खाली घातली. पंखा किरकिरत राहिला.

अध्यक्षांनी हातातलं पेन उगाच दोनदा उघडलं, मिटलं. "तुम्ही काही लपवलं नाहीत, त्याचं मला कौतुक आहे," ते धाकटीला म्हणाले. "मनापासून सांगतो. पण ह्यावरून मला काही ठरवता येत नाही. माळावरच्या वस्तीत पाणीच नाही, मर्यादेतलंही नाही. पाइप तिकडे जातील. पुढच्या खेपेला बघू."

त्यांचंही खोटं नव्हतं. त्या खोलीत खोटं कुणीच बोललं नव्हतं.

जिन्यात मामांनी तिला गाठलं. कॉलर पुन्हा वाकडी झाली होती.

"ताई, मी बोलायला नको होतं का?"

"जे होतं तेच बोललात, मामा."

"मग सगळे असे हसले का?"

धाकटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मामा म्हणाले, "निघतो. उरलेल्यांना पाणी घालायचंय," आणि एकेक पायरी उतरत गेले.

दादा आणि धाकटी ओढ्याच्या कडेने घरी निघाले. दादा चार पावलं चालायचा, उभा राहायचा. ओढा अगदी निवांत होता. पाणी निळसर, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. बदकं नसल्यामुळे त्याच्यावर एक तरंगही नव्हता.

"धाकटे," दादा ओढ्याकडे बघत म्हणाला, "थोडं झाकता नसतं आलं?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही.

"नसतंच आलं तुला," तोच म्हणाला. "लहानपणी लपाछपीत आपणच हसून सापडायचीस." मग पुन्हा चार पावलं. "मी रागावलो नाही. रागवावं असं कुणी सापडतच नाही गं. मामांवर रागवू? लिंबावर रागवू?"

"माझ्यावर रागव."

"तुझ्यावर रागावून पोरीला पाणी मिळतं होय?"

घरी वहिनी शेगडीपाशी होती. दादाच्या चेहऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं. शेगडीवर मोठं पातेलं होतं, त्यात पाणी खदखदत होतं, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती.

"नळाचं काही खरं नाही, हे मी धरूनच चालले होते," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "म्हणून आपली सोय आपण केलीय. वन्सं, आजपासून पोरीला उकळूनच देणार. नुसतं गरम नाही हं. चांगलं अर्धं आटेपर्यंत उकळते. मग काय राहतंय त्यात?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. आयुष्यभर तो मुलाम्याच्या टाक्यांशी उभा राहिला होता. टाकीतलं पाणी आटलं की धातू उडून जात नाही, उरलेलं पाणीच कडक होतं, मग वरून साधं पाणी ओतावं लागतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्याने हात लांब करून शेगडी बंद केली.

"अहो, अजून आटायचंय!"

"पुरे झालं," तो म्हणाला.

"वन्सं, तुम्ही सांगा ह्यांना. जास्त उकळलं तर जास्त चांगलं ना?"

धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वहिनीच्या कपाळावर घाम होता, वाफेने केस चिकटले होते, आणि डोळ्यांत एवढी आशा होती की त्या डोळ्यांकडे फार वेळ बघवत नव्हतं.

"एक उकळी पुरे होते, वहिनी," ती म्हणाली. "आटवू नका. एका उकळीत जंतू मरतात."

"तेच म्हणते मी," वहिनीचा चेहरा सैल झाला. "मरायला हवेत फक्त. एक उकळी तर एक उकळी, गॅस वाचला."

ती पुढे काही विचारेल म्हणून धाकटी थांबली. तिने विचारलं नाही. बाहेरून चिमणी धावत आली, तोंड लाल, दप्तर एका खांद्यावर.

"आई, पाणी!"

"थांब, कढत आहे." वहिनीने पातेल्यातून पेला भरला. मग दुसरा पेला घेतला आणि ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात करत उंचावरून धार धरून पाणी निववलं, बोट बुडवून बघितलं, आणि लेकीच्या हातात दिलं.

चिमणी डोळे मिटून घटाघटा पाणी प्यायली. गळ्याची हालचाल दिसत होती. तिने हनुवटी पुसली आणि रिकामा पेला आईपुढे धरला.

"आणखी."